पतंग ओळखायचा कसा: सूक्ष्मदर्शकाखाली की डीएनएवरून?

फुलपाखरं आणि पतंग मिळून सुमारे १,६०,००० प्रजातींची नोंद झाली आहे. त्यात पतंगच बहुसंख्य. करड्या-तपकिरी पतंगांत पंखांवरची नक्षी हमखास दगा देते, म्हणून जुनी पद्धत थेट जननेंद्रियांकडे वळते. पोटाचा भाग पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात मऊ करायचा, साफ करायचा आणि उरलेल्या कठीण भागांचा आकार पाहायचा. काम किचकट, हात बसायला वेळ लागतो. पण खर्च कमी, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्याशीही ताडून बघता येतं.

डीएनए बारकोडिंग, म्हणजे एका ठरावीक जनुकाच्या छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखणं, २००३ मध्ये कॅनडातले जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांच्या गटाने मांडलं. त्याला पायाचा तुकडा पुरतो. अळीही ओळखता येते, जे जुन्या पद्धतीला जमतच नाही. कोस्टा रिकातलं एकच समजलं जाणारं फुलपाखरू म्हणजे १० प्रजाती आहेत, असा निष्कर्ष २००४ मध्ये निघाला तो याच्या जोरावर (अर्थात, अळ्या कुठली झाडं खातात याच्या नोंदीही हाताशी होत्या). मात्र बारकोडसाठी वाचला जाणारा हा जनुक मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला), फक्त आईकडून येणारा. संकर झाला किंवा वोल्बाकिया जिवाणूची लागण असली, तर निकाल फसवा निघू शकतो.

नवी प्रजाती जाहीर करायची असेल तर निव्वळ बारकोडवर मी विसंबणार नाही. समोर अळ्यांचा ढीग असेल तर मात्र चिमटा बाजूला.