डॅशबोर्डवरचं स्मिथ्स घड्याळ: जुनं दुरुस्त करावं, नवं घ्यावं की जुन्या डब्यात क्वार्ट्झ बसवावं?

साठच्या दशकातली ब्रिटिश गाडी उभी करताना घड्याळाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. तोवर हात आखडलेला असतो आणि समोर दिसेल ते घड्याळ उचललं जातं. इथेच चूक होते. बाजारात चौकशी करण्याआधी डॅशबोर्डचं भोक मोजा. स्मिथ्स ही गाड्यांची मीटरं आणि घड्याळं बनवणारी ब्रिटिश कंपनी. तिच्या बहुतेक सुट्या घड्याळांना ५२ मिलिमीटरचं, म्हणजे दोन पूर्णांक एक सोळांश इंचाचं भोक लागतं. पण जॅग्वार मार्क टूसारख्या गाडीत घड्याळ वेगळं नसतंच, ते आरपीएम मीटरच्या तोंडावर खालच्या बाजूला बसवलेलं असतं. तिथे नव्या घड्याळाचा पर्याय मुळातच बाद होतो.

जुनं मूळ घड्याळ मिळवणं वाटतं तितकं अवघड नाही. मुंबईच्या चोरबाजारात मटण स्ट्रीटवर चिकाटीने फिरलं तर सुटी मीटरं हाती लागतात, आणि इंग्लंडहून मागवायचं तर टपालखर्च नि सीमाशुल्क धरूनच भाव करावा. डायलच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत ‘सीई’ने सुरू होणारा नंबर असतो, तो आपल्या घड्याळाशी जुळवून घ्या. नुसता चेहरा जुळून भागत नाही. बेझलचा, म्हणजे काचेभोवतीच्या कडीचा, काठ इतर मीटरांसारखाच हवा, नाहीतर रांगेत एकच मीटर उपरं दिसतं. मल्टिमीटर जवळ असेल तर मागची दोन टोकं तपासा. काहीच जोड दाखवत नसेल तर लगेच नाही म्हणू नका, कारण आतले पॉइंट, म्हणजे जुळल्यावर कॉइलला वीज देणारे दोन संपर्क, उघडे राहिले असले तरी तसंच दिसतं. घड्याळ हलकेच हलवल्यावर आतलं बॅलन्स व्हील, म्हणजे मागेपुढे झोके घेणारं चाक, डोलतं आणि मल्टिमीटरचा काटा मधूनमधून हलतो, म्हणजे कॉइल शाबूत आहे. फार जुन्या, चमकणाऱ्या आकड्यांच्या डायलवरचा रंग मात्र खरवडू नका. त्यात रेडियम असू शकतं.

असं घड्याळ चांगल्या घड्याळजीकडून साफ करून घेतलं की चालतं, आणि त्याची बारीक टिकटिक ऐकायला फार गोड लागते. बेझल तीन खाचांत फिरवून निघतो, पण आतलं रबर चिकटलेलं असतं. कडेने थेंबभर तेल सोडून रात्रभर ठेवा, पाना लावून पिळू नका. पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी दोन पॉइंटांमधून ओढली की पुरे. घड्याळाचं तेल सुईच्या टोकावर येईल एवढंच, तेही फक्त चुळींना, म्हणजे चाकांच्या दांड्यांच्या टोकांना. पॉइंटवर तेल गेलं तर महिन्याभरात काजळी धरते. चाचणी घेताना घड्याळ डॅशबोर्डवर असतं तसं उभं ठेवून दोन दिवस चालवा. आडवं ठेवून नीट चालणारं घड्याळ उभं केल्यावर थांबल्याचं पुष्कळदा दिसतं. पुढेमागे धावत असेल तर मागच्या बारीक स्क्रूवर अधिक-उणे खुणा असतात, तिथे जरासं फिरवायचं.

इथवर सगळं मूळ यंत्राच्या बाजूचं. अडचण पुढे आहे, आणि माझ्या मते निवड तिथेच ठरते.

या घड्याळात चावी नाही की मोटर नाही. बॅलन्स व्हील झोका घेतं, प्रत्येक झोक्यात पॉइंट क्षणभर जुळतात, कॉइलला झटका मिळतो आणि त्या जोरावर पुढचा झोका. बॅटरी उतरत गेली की झोका लहान होत होत थांबतो. तो पॉइंट उघडे असताना थांबला तर काही बिघडत नाही. जुळलेले असताना थांबला तर कॉइलमधून प्रवाह सलग वाहत राहतो. आपल्याकडे अशा गाड्या जून ते सप्टेंबर झाकून ठेवलेल्या असतात. बॅटरी मरते, ऑक्टोबरात मालक चार्जर लावतो, आणि थांबलेल्या घड्याळाच्या कॉइलला पूर्ण बारा व्होल्ट मिळतात. डॅशबोर्डच्या मागे ती तापतेय हे कुणाला कळत नाही. वायरीतला फ्यूजही इथे वाचवत नाही, कारण कॉइल जाळायला पुरणारा प्रवाह फ्यूज उडवायला पुरत नाही. उपाय म्हणून बॅटरीला कट-ऑफ स्विच लावा, तर गाडी काढताना दर वेळी डॅशबोर्डखाली हात घालून काटे जुळवायचे आणि बटण दाबून झटकन सोडून घड्याळ सुरू करायचं. गाडी रोज किंवा निदान आठवड्याला चालत असेल, तर मूळ यंत्राला तोड नाही. पण चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत दरवर्षी ही टांगती तलवार आहे.

नवीन क्वार्ट्झ घड्याळ घेतलं तर हा प्रश्न मिटतो. वेल्समधली सीएआय कंपनी स्मिथ्सच्याच नावाने जुन्या वळणाची मीटरं बनवते आणि त्यांचं काम नीटस असतं. ५२ मिलिमीटरचं भोक असेल तर अर्ध्या तासात बसवून मोकळे व्हाल. सगळीच मीटरं नवीन घेत असाल तर हाच रस्ता धरा. पन्नास-साठ वर्षांच्या पेट्रोल मीटरशेजारी एकटं नवं घड्याळ मात्र डोळ्यांना टोचतं. दिवसा पांढरे आकडे जास्त पांढरे दिसतात आणि रात्री उजेडाची जात वेगळी असते. जुन्या डब्यात २.२ वॉटचा स्क्रूचा बल्ब असतो. त्याचा पिवळसर उजेड डब्याच्या आतल्या रंगावरून परतून येतो.

दुसरी गोष्ट अर्थची. १९६७ च्या अखेरीआधीची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असतं. नवं घड्याळ निगेटिव्ह अर्थचं असेल आणि त्याचा धातूचा डबा आतून निगेटिव्हला जोडलेला असेल, तर मागचा क्लॅम्प आवळताच शॉर्ट होतो. डबा आणि क्लॅम्प दोन्ही फायबर वॉशर लावून वेगळे ठेवावे लागतात, आणि डब्यातून अर्थ घेणाऱ्या बल्बला मग स्वतंत्र वायर द्यावी लागते.

म्हणून तराजू माझ्याकडून तिसऱ्या बाजूला झुकतो: डबा, डायल, काटे आणि काच मूळच्या, आत क्वार्ट्झ यंत्र. बंद पडलेलं, कॉइल जळालेलं, म्हणून स्वस्तात मिळालेलं घड्याळ याला चालतं. काम नाजूक आहे. मूळ काट्यांची भोकं क्वार्ट्झच्या दांड्यांना बसत नाहीत, पितळेची बारीक बुशिंग, म्हणजे मधली पोकळी भरणाऱ्या नळ्या, करून घ्यावी लागतात. जास्त ताकदीचं यंत्र मागा, साधं यंत्र धातूचा मिनिटकाटा नऊ ते बारा चढवताना दमतं. डायलचं मधलं भोक मोठं करू देऊ नका. एकदा ते मोठं झालं की मूळ यंत्र परत बसवता येत नाही.

वीज कुठून घ्यायची हा यातला खरा मुद्दा. बरेच जण बारा व्होल्टवरून ७८०५ रेग्युलेटर लावून व्होल्टेज उतरवतात. तो रेग्युलेटर स्वतःच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. १२० दिवसांत ते १४.४ अँपिअर-तास होतात, ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. त्यापेक्षा दीड व्होल्टचा एक पेन्सिल सेल लावा, पण घड्याळाच्या डब्यात नको. मे महिन्यात बंद गाडीच्या उष्णतेत सेल पाझरला तर डायल जातं. सेलचा होल्डर डॅशबोर्डखाली हाताला लागेल असा बसवा, दोन बारीक वायरी घड्याळापर्यंत न्या आणि दोन्ही डब्यापासून वेगळ्या ठेवा. मग पॉझिटिव्ह-निगेटिव्ह अर्थचा घोळ नाही, कट-ऑफ स्विचचा त्रास नाही, गाडीची बॅटरी उतरली तरी वेळ बरोबर. दर वर्षी पावसाळ्याआधी गाडी झाकतानाच सेल बदलायचा, संपला नसला तरी.

गाडीच्या वायरिंगमधून मग फक्त बल्ब चालतो. लुकास या ब्रिटिश कंपनीने वायरींना ठरवलेल्या रंगांप्रमाणे पॅनल लाइटची वायर लाल, तिच्यावर पांढरी रेघ. घड्याळाची मूळ जांभळी वायर फ्यूजमधून कायम चालू असते. तिचं टोक उघडं सोडू नका, श्रिंक ट्यूब लावून हार्नेसला, म्हणजे वायरींच्या जुडीला, बांधून ठेवा.

टिकटिक जाते, हे खरं आहे, आणि ज्याला ती हवी त्याने मूळ यंत्रच दुरुस्त करावं. काढलेलं यंत्र फेकू नका. स्क्रू आणि वॉशरांसकट सिलिका जेलच्या पुडीबरोबर घट्ट झाकणाच्या डबीत घाला आणि डबीवर गाडीचं मॉडेल आणि डायलचा ‘सीई’ नंबर लिहून ठेवा.