ई-पुस्तके तयार करण्यासाठी लिबरऑफिस रायटरची मोफत एक्स्टेन्शन्स

ज्या प्रोग्राममध्ये पुस्तक लिहिले त्याच प्रोग्राममधून थेट ईपब (ई-पुस्तकांचे प्रचलित स्वरूप) फाइल काढता यावी, ही लेखकाची रास्त अपेक्षा लिबरऑफिस रायटर या लेखनाच्या प्रोग्रामसाठीची मोफत एक्स्टेन्शन्स (जोडायची पूरक साधने) बऱ्याच अंशी पूर्ण करतात. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासून रायटरमध्येच ईपब निर्यातीची सोय आहे. तिच्यात मजकूर शीर्षकांवर किंवा पानांवर विभागता येतो आणि मुखपृष्ठाचे चित्रही जोडता येते. साध्या कादंबरीला एवढे पुरते. मात्र पुस्तकाच्या मांडणीवर बारकाईने ताबा हवा असेल, तर एक्स्टेन्शनकडे वळावे लागते.

रायटर२ईपब हे त्यांतले सर्वांत सोपे. ओएक्सटी फाइल (एक्स्टेन्शनची फाइल) बसवली की टूलबारवर त्याची बटणे दिसतात आणि पुस्तकाचे नाव, लेखक, भाषा वगैरे माहिती भरून रूपांतर करता येते. कथा-कादंबरीसाठी त्याचे निकाल नीटनेटके असतात, परंतु ते जुन्या ईपब २ स्वरूपातच फाइल देते. रायटर२एक्सएचटीएमएल अधिक समर्थ आहे: ते ईपब ३ देते, गणिती सूत्रे मॅथएमएल या सूत्रलेखनाच्या भाषेत उतरवते आणि रायटरमधली कोणती स्टाइल (मजकुराला लावायची ठरावीक मांडणी) ई-पुस्तकाच्या कोणत्या टॅगमध्ये (मजकुराचा प्रकार सांगणाऱ्या खुणेत) जावी हे वापरकर्त्याला ठरवू देते. त्यासाठी संगणकावर जावा हे सॉफ्टवेअर असावे लागते व त्याच्या सेटिंग्ज समजून घ्यायला वेळ द्यावा लागतो. तरीही तांत्रिक किंवा शैक्षणिक पुस्तकासाठी मी निःसंकोचपणे त्याचीच शिफारस करेन.

खरी मेख हस्तलिखितातच असते. प्रकरणाचे नाव केवळ ठळक आणि मोठ्या अक्षरांत केलेले असेल, तर यांपैकी कोणत्याही साधनाला ते प्रकरण म्हणून ओळखता येत नाही आणि अनुक्रमणिका रिकामी राहते. ‘हेडिंग १’ ही स्टाइल लावली, की तेच काम आपोआप होते. परिच्छेदाच्या आरंभी स्पेस किंवा टॅब देऊन साधलेले अंतर, रिकाम्या ओळी घालून पुढच्या पानावर ढकललेला मजकूर, हे सारे वाचनयंत्राच्या छोट्या पडद्यावर विस्कटते, कारण तेथे पानाचा आकार वाचकाच्या अक्षरांच्या मापानुसार बदलत असतो. देवनागरी मजकूर युनिकोड या सर्वमान्य अक्षर-संकेतप्रणालीत असणेही अनिवार्य आहे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर तसाच रूपांतरित केल्यास वाचकाला निरर्थक चिन्हे दिसतात.

तयार फाइल ईपबचेक या मोफत साधनातून तपासून घ्यावी. किरकोळ दोष सिजिल या ईपब-संपादकात उघडून सुधारता येतात, पण तेथे केलेला बदल रायटरच्या मूळ ओडीटी फाइलमध्ये परत जात नाही. म्हणून मजकुरातली दुरुस्ती रायटरमध्येच करून पुन्हा निर्यात करावी आणि सिजिलचा उपयोग केवळ सीएसएस (मांडणीचे नियम) किंवा मुखपृष्ठापुरता ठेवावा.