पॅनल दोन दिवसांत, मीटर अडीच महिन्यांनी: छतावरच्या सोलरचे दहा महिने

घरावर सोलर लावलंय कळलं की प्रत्येक जण पहिलं विचारतो, "बिल किती येतं?" ते सांगतोच पुढे. पण मला कोणी आधी सांगायला हवं होतं ते वेगळंच. पॅनल लावणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरी कसरत पॅनल चढल्यावर सुरू होते, आणि तिची मुळं पॅनल घ्यायच्या आधीच्या कागदांत असतात.

आमचं घर तालुक्याच्या गावातलं, स्लॅबचं, एकमजली. महिन्याला साधारण २१० युनिट वापर. २०२४ च्या गणपतीनंतर घरावरच्या सोलरला केंद्राचं अनुदान देणाऱ्या पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करायला बसलो. बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक टाकला आणि समोर वडिलांचं नाव आलं. वडील जाऊन नऊ वर्षं झाली. बिल भरत होतो, नावाकडे कधी लक्षच गेलं नाही. अनुदान खात्यात यायचं तर वीजजोडणी, आधार आणि बँक खातं एकाच माणसाचं हवं. मग घरपट्टीची पावती, मृत्यूचा दाखला आणि आई-बहिणींची ना हरकत, एवढं जमवून नावबदलाचा अर्ज केला. बहीण नाशिकला असते, तिची सही यायला आठवडा गेला. नाव बदलून यायला एकूण तीन आठवडे. यात मी कोणाला दोष देत नाही, नऊ वर्षं आळस माझाच.

पुढचा टप्पा मात्र पटकन झाला. केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणी लागत नाही, अर्ज मंजूरच धरला जातो. आमचा मंजूर भार, म्हणजे जोडणीवरचा लोड, १ किलोवॉटचा होता. व्हेंडर म्हणाला, "काका, लोड वाढवायचे अडीच हजार वेगळे." त्याच नियमात लिहिलंय की त्या प्रमाणात भार वाढवून देणं वीज कंपनीचं काम आहे. मोबाईलवर उघडून दाखवलं तेव्हा गडी गप्प बसला. तुम्हीही ते पान जवळ ठेवा.

५४० वॅटची सहा पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॉट, आणि पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर. अनुदान हवं तर पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, त्याला डीसीआर म्हणतात. साध्यापेक्षा महाग पडतात. एकूण १ लाख ९५ हजार गेले. दिवाळीच्या आधी दोन दिवसांत पोरांनी काम उरकलं. स्ट्रक्चर, वायरिंग, आकाशातली वीज पडली तर वाचवणारा लायटनिंग अरेस्टर आणि अर्थिंगचे तीन खड्डे. खड्डे बुजवायच्या आधी मी स्वतः उभा राहून बघितलं, कारण वरून माती टाकली की आत काय घातलं ते कोणालाच दिसत नाही.

आणि इथेच घोळ झाला. जाताना पोराने "टेस्टिंग करून बघतो" म्हणून इन्व्हर्टर चालू केला आणि तसाच ठेवून गेला. मीही हौसेने रोज अ‍ॅपमध्ये आकडे बघत होतो, आज १२ युनिट, आज साडेबारा. चौदा दिवस! जुना मीटर एकेरी असतो. त्यातले बरेच मीटर उलट बाजूने जाणारी वीजसुद्धा वापर म्हणूनच मोजतात. दुपारी घरात वापर नसताना आमची वीज बाहेर जात होती आणि मीटर ती आमच्याच नावावर चढवत होता. नोव्हेंबरचं बिल ३१२ युनिटचं आलं. दिवाळीच्या माळा धरल्या तरी एवढं होत नाही. वर ३०० ओलांडल्यामुळे वरच्या बारा युनिटला पुढच्या स्लॅबचा दर. बायको म्हणाली, "सोलर लावून बिल वाढवणारे तुम्ही गावातले पहिले." घेतलेली आणि बाहेर दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा नेट मीटर बसेपर्यंत इन्व्हर्टर बंद ठेवायचा, एवढं एक वाक्य व्हेंडरने सांगितलं असतं तरी पुरे होतं.

आता नेट मीटर. नियमात यंत्रणा जोडून द्यायला १५ दिवसांची मुदत आहे. आमच्याकडे पॅनल २६ ऑक्टोबरला उभी, मीटर ९ जानेवारीला. मधल्या काळात मी उपविभागाच्या कार्यालयात सात हेलपाटे घातले. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, त्यामुळे त्याच्या आधी "साहेब इलेक्शन ड्युटीवर" आणि नंतर "साहेब आज आले होते, पण गेले". मग मीटर शिल्लक नाही. मग मीटर आला, पण टेस्टिंग लॅबला गेलाय. चौथ्या खेपेला कळलं की आमची फाईल पुढे गेलेलीच नाही, कारण व्हेंडरने पोर्टलवर दोन पॅनलचे सिरीयल नंबर चुकीचे भरले होते. तिथल्या एका बाईंनी ते स्वतः उघडून दाखवलं, नाहीतर मी आणखी महिनाभर मीटरचीच वाट बघत बसलो असतो. व्हेंडरला सगळे पैसे आधी देऊ नका. माझे वीस हजार राहिले होते म्हणून तो दुसऱ्या दिवशी धावत आला.

मीटर लागल्यावर पॅनलशेजारी उभा राहून फोटो काढला, तो अपलोड झाला आणि ४ फेब्रुवारीला ७८ हजार खात्यात आले. अनुदानाचं काम मात्र खरंच चोख.

नव्या मीटरचं पहिलं बिलही चुकलं होतं. रीडिंग घेणाऱ्या मुलाने फक्त आयात, म्हणजे आम्ही घेतलेली वीज लिहिली, बाहेर दिलेल्या विजेचा म्हणजे निर्यातीचा रकाना शून्य. मीटरचे आकडे आळीपाळीने बदलतात, त्याने दुसऱ्या आकड्यापर्यंत वाटच बघितली नाही. तेव्हापासून दर महिन्याला दोन्ही आकड्यांचा फोटो मी काढून ठेवतो.

एप्रिलमध्ये वेगळंच. ऐन दुपारी अकरा ते दोन इन्व्हर्टर मध्येच बंद पडायचा, अ‍ॅपवर "ग्रिड ओव्हर व्होल्टेज". लाईनचं व्होल्टेज फार चढलं की तो स्वतःहून बंद होतो. वायरमनने मीटरजवळ मोजलं तर २६४ व्होल्ट. म्हणजे सूर्य डोक्यावर असताना आमची पॅनल आरामात. लेखी तक्रार दिली, पोच घेतली, दहा दिवसांनी ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलून व्होल्टेज खाली आणलं तेव्हा थांबलं.

लाईट गेली की सोलरही बंद होतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. आईने पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढे पैसे घालून पंखा पण नाही?" कारण साधं आहे. बंद लाईनवर आपली वीज गेली तर खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घेतला तर सोय होते, पण तो माझ्या बजेटबाहेर होता.

आता बिलाचं. चांगल्या महिन्यात दीडशेच्या आसपास येतं. शून्य येत नाही, स्थिर आकार सुटत नाही. मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला १३-१४ युनिट मिळाले. २०२५ चा मे मात्र पावसानेच खाल्ला, २६ तारखेला तर मान्सून मुंबईत पोचलासुद्धा. जून-जुलैत ६-७ युनिटवर भागवलं, काही दिवस तीनच. तेव्हा एप्रिलपासून साठलेली युनिटं कामी आली.

पण एक चूक कबूल करतो. जानेवारी ते मार्च आमची जवळपास ५०० युनिटं शिल्लक पडली आणि ३१ मार्चला वर्षाचा हिशोब संपला, ती पुढे वापरता आली नाहीत. उरलेल्या युनिटला जो दर मिळतो तो आपण भरतो त्याच्या मानाने फारच कमी. आमच्या वापराला २ किलोवॉट पुरले असते, त्यालाही ६० हजार अनुदान आहे. मी ७८ च्या मोहात पडलो. आता बायकोने इंडक्शन घेतलंय, गरम पाणीही विजेवर, वापर २६० वर गेलाय, त्यामुळे वाया काही जात नाही असं मी म्हणतो. ती म्हणते, सोलर होता म्हणून इंडक्शन घेतलं की इंडक्शनसाठी सोलर, तेवढं एकदा ठरवा.

शेजारचे नाना परवा आले होते, त्यांनाही लावायचंय. किती पॅनल, कोणती कंपनी, हप्ता किती, सगळं लिहून आणलं होतं. मी म्हटलं, आधी बिल दाखवा. त्यांचं मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे.