'सेंद्रिय' म्हणून साधा माल गळ्यात मारणाऱ्यांपासून सावध राहा

साधीच भाजी-फळं सेंद्रिय म्हणून चढ्या दराने विकणारे एक प्रयोग हमखास करून दाखवतात. टेबलावर दोन सफरचंदं असतात, एक त्यांचं आणि एक बाजारातलं. पेनाएवढ्या मीटरची सुई दोन्हींत खुपसली जाते. बाजारातल्या फळाला लाल दिवा, त्यांच्या फळाला हिरवा. "बघा, किती विष खाताय!" एवढं ऐकून गिऱ्हाईक तिथल्या तिथे वर्षभराच्या पेटीचे पैसे भरून टाकतं.

ते मीटर कीटकनाशक मोजतच नाही. ते रसाची विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून नायट्रेटचा (मातीतून पिकात येणाऱ्या नत्राच्या क्षाराचा) अंदाज बांधतं. पोटॅशियम, इतर क्षार, तापमान या सगळ्यांनी वाहकता बदलते. कीटकनाशकाचे अंश मात्र बहुधा किलोमागे मिलिग्रॅमच्या दशांश-शतांशात असतात, त्यांची वाहकतेवर दखल घेण्याजोगी छाप पडत नाही. पालकात नायट्रेट मुळातच भरपूर असतं, त्यामुळे अस्सल सेंद्रिय पालकही लाल दिवा लावू शकतो. शिवाय अशा यंत्रात आधी पदार्थ निवडावा लागतो आणि प्रत्येक पदार्थाची मर्यादा वेगळी असते. ती निवड बदलली की त्याच फळाचा दिवा बदलतो.

खरी तपासणी प्रयोगशाळेतच होते, पण अहवालातही धूळफेक चालते. अहवाल हाती आला की आधी पाहा, किती कीटकनाशकं तपासली? चार-पाचच तपासून 'आढळले नाही' लिहून घेणं अगदी सोपं आहे. चांगल्या बहु-अवशेष चाचणीत काही शे रसायनं एकदम तपासली जातात. त्यातही ग्लायफोसेट हे तणनाशक आणि मँकोझेबच्या गटातली बुरशीनाशकं सुटतात, त्यांच्यासाठी वेगळी चाचणी लागते. मग मोजमापाची खालची मर्यादा पाहा. ती किलोला 0.01 मिलिग्रॅमच्या आसपास हवी. ती 0.5 असेल तर 'आढळले नाही' याला फारसा अर्थ उरत नाही. प्रयोगशाळेची आयएसओ 17025 (चाचणी-क्षमतेचं आंतरराष्ट्रीय मानक) मान्यता, नमुन्याची तारीख आणि खेपेचा क्रमांकही जुळायला हवा. नमुना विक्रेत्यानेच निवडून पाठवला असेल, तर तो अहवाल त्या एका नमुन्यापुरता.

सगळ्यात मोठी लबाडी कागदात असते. प्रमाणपत्र खरं असतं, माल दुसराच असतो. शेताच्या प्रमाणपत्रावर पिकं, क्षेत्र आणि मुदत लिहिलेली असते. दोन हेक्टर कांद्याच्या कागदावर कोणी वीस प्रकारच्या भाज्या बारमाही विकत असेल, तर हिशेब तिथेच फसतो. म्हणून घाऊक घेणाऱ्याने त्या खेपेचा व्यवहार-दाखला मागावा. त्यावर किती माल कोणाकडून कोणाकडे गेला हे असतं. प्रमाणपत्राचा क्रमांक ते देणाऱ्या संस्थेकडेच थेट पडताळा, विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवर नको. 'रूपांतर काळातलं', म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळत असलेलं शेत पूर्ण सेंद्रिय नसतं. हंगामी पिकांना साधारण दोन ते तीन वर्षं जावी लागतात. अमेरिकेत रँडी कॉन्स्टंट या व्यापाऱ्याने 2010 ते 2017 या काळात 14 कोटी डॉलरहून जास्त किमतीचं धान्य विकलं, त्यातलं बहुतेक साधंच असून सेंद्रिय म्हणून खपवलेलं होतं. 2019 मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. इतकी वर्षं हे खपलं, कारण दाणा बघून कोणालाच फरक कळत नाही. अळीने खाल्लेलं पान किंवा वेडंवाकडं फळ हाही पुरावा नव्हे.

'फवारणीच नाही' हे विधानही तपासा. सेंद्रिय शेतीत तांब्याची संयुगं, स्पिनोसॅड, पायरेथ्रिन अशा कीड-रोगनाशकांना अटींसह परवानगी असते. प्रामाणिक शेतकरी ते लपवत नाही.

आता आरोग्याच्या दाव्यांबद्दल, कारण सगळ्यात क्रूर फसवणूक इथे होते. सेंद्रिय मालात कीटकनाशकाचे अंश कमी आढळतात, आणि सेंद्रिय आहारावर गेल्यावर काही दिवसांतच लघवीतलं त्यांचं प्रमाण घटतं. हे पक्कं आहे. 2014 च्या एका मोठ्या आढाव्यात कॅडमियम हा विषारी धातूही कमी दिसला. पण 2012 च्या स्टॅनफर्डच्या आढाव्यात जीवनसत्त्वांत ठळक फरक सापडला नाही. कर्करोगाबाबत फ्रान्समधल्या सुमारे 69 हजार लोकांच्या 2018 च्या अभ्यासात सेंद्रिय खाणाऱ्यांत प्रमाण कमी दिसलं, तर ब्रिटनमधल्या सहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या 2014 च्या अभ्यासात एकूण कर्करोगात घट दिसली नाही. एवढ्या पुराव्यावर कोणी आजार बरा करण्याची हमी देऊन औषधं बंद करायला सांगत असेल, तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका. महाग म्हणून घरातली भाजी-फळंच कमी होत असतील, तर तेही नुकसानच. जागतिक आरोग्य संघटना रोज 400 ग्रॅम खायला सांगते, ती साधी असली तरी चालतात.

'सेंद्रिय आहे, धुवायची गरज नाही' हे तर धोकादायकच. 2011 मध्ये जर्मनीत एका सेंद्रिय शेतातल्या मोड आलेल्या बियांतून ई. कोलाय या जिवाणूची साथ पसरली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. खाण्याच्या सोड्याचं सुमारे एक टक्क्याचं पाणी सफरचंदाच्या सालीवरचे काही अंश 12 ते 15 मिनिटांत काढतं, पण आत मुरलेलं कीटकनाशक सोडा काय किंवा महागडं 'शुद्धीकरण यंत्र' काय, कशानेच निघत नाही.

पैसे गेले असतील तर बिल, वेष्टन आणि लेबलाचे फोटो जपून ठेवा. उरलेला माल न धुता स्वच्छ पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवा. चाचणीला निदान किलोभर लागतो. प्रमाणपत्राच्या क्रमांकासह लेखी तक्रार आधी प्रमाणन संस्थेकडे करा, कारण विक्रेत्याचे खरेदी-विक्रीचे आकडे ती तपासू शकते.