गव्हातील जस्त वाढवण्यासाठी: जमिनीतून खत की पानांवर फवारणी?
गव्हाच्या दाण्यातील जस्त वाढवण्यासाठी झिंक सल्फेट (जस्तयुक्त खत) पेरणीच्या वेळी जमिनीत द्यावे की उभ्या पिकावर फवारावे, हे उद्देशावर ठरते. जस्ताची कमतरता असलेल्या जमिनीत मातीतून दिलेली मात्रा रोपांची वाढ सुधारते, उत्पादन वाढवते आणि तिचा परिणाम पुढच्या काही हंगामांतही टिकतो. मात्र चुनखडीयुक्त, जास्त सामू (पीएच) असलेल्या जमिनीत बरेचसे जस्त मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसते आणि दाण्यापर्यंत थोडेच पोहोचते.

फवारणीत हा अडथळा येत नाही. दाणा दुधाळ अवस्थेत असताना, ऊन उतरल्यावर, सुमारे 0.5 टक्के तीव्रतेचे द्रावण फवारले, तर पानांनी शोषलेले जस्त अन्नरसाबरोबर भरत्या दाण्याकडे जाते. एवढ्या उशिरा केलेल्या फवारणीने उत्पादन मात्र क्वचितच वाढते, त्यामुळे केवळ खाणाऱ्याच्या पोषणासाठी हा खर्च शेतकऱ्याने का सोसावा, हा प्रश्न रास्तच आहे.

माझे मत असे, की माती परीक्षणात जस्त कमी आढळल्यास दोन्ही पद्धती एकत्र वापराव्यात. ते पुरेसे असल्यास केवळ फवारणी करावी.