भिंतीवरचं पत्र खरं, प्रवेश खोटा: विशेष शिक्षण पदविकेतली फसवणूक

‘विशेष शिक्षक पदविका. एक वर्ष. बारावी पास. शनिवार-रविवार वर्ग. आरसीआय पॅटर्न.’ निकालाचा हंगाम आला की अशी पत्रकं फिरू लागतात. फी भरण्याआधी खालचा प्रकार वाचा. एका बाईंच्या बाबतीत तो घडला. त्यांचं नाव, गाव आणि संस्था मुद्दाम दिलेली नाही.

बाई अंगणवाडीत मदतनीस, शिक्षण बारावी. बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवण्यासाठी त्यांनी पदविकेला प्रवेश घेतला. संस्थेने दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका ठेवून घेतल्या. फी हप्त्यांनी आणि रोख. पावती ट्रस्टच्या नावाची, रकमेपुढे ‘देणगी’ एवढंच लिहिलेलं. कोर्सचं नाव नाही, शैक्षणिक वर्ष नाही. कार्यालयाच्या भिंतीवर भारतीय पुनर्वास परिषदेचं, म्हणजे आरसीआयचं मान्यता पत्र फ्रेम करून लावलेलं होतं. ते खरं होतं, बनावट नव्हतं. फक्त ते श्रवण दिव्यांगांच्या पदविकेचं होतं आणि त्यातली मुदत बाईंनी प्रवेश घेण्याच्या आधीच संपली होती.

पुढे वर्षभर सुट्टीच्या दिवशी व्याख्यानं झाली. पाठ टाचणाची वही मागच्या तुकडीची, ती उतरवून काढायची. विशेष शाळेत एकदाच नेलं, मुलांसोबत फोटो काढले आणि तेच फोटो सरावाचा पुरावा म्हणून फाइलला लावले. परीक्षा संस्थेच्याच हॉलमध्ये. गुणपत्रिका आली ती ‘नॅशनल’ आणि ‘कौन्सिल’ हे दोन्ही शब्द नावात असलेल्या एका खाजगी मंडळाची. मग ‘सीआरआर (परिषदेच्या नोंदवहीतली नोंदणी) आम्हीच काढून देतो’ म्हणून वेगळे पैसे घेतले आणि काही आठवड्यांनी लॅमिनेट केलेलं नोंदणी प्रमाणपत्र हातात दिलं.

कंत्राटी विशेष शिक्षकाच्या जागेसाठी कागदपत्र पडताळणी झाली तेव्हा तो नोंदणी क्रमांक दुसऱ्याच व्यक्तीचा निघाला. पैसे आणि वर्ष तर गेलंच, शिवाय बनावट प्रमाणपत्र सादर केल्याचा ठपका बाईंवरच येण्याची वेळ आली. फसवणाऱ्याचं नाव त्या प्रमाणपत्रावर कुठेच नसतं, उमेदवाराचं असतं.

आता हे सगळं कुठे अडवता आलं असतं ते पाहू. त्यासाठी मान्यता नेमकी कशाला मिळते हे कळायला हवं, कारण फसवणुकीची जागा तिथेच आहे.

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ चा. परिषद वैधानिक संस्था म्हणून जून १९९३ पासून काम करते आणि केंद्राच्या दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाखाली येते. तिचं काम दोन टोकांचं आहे: अभ्यासक्रमांचा दर्जा ठरवून संस्थांना मान्यता देणं, आणि शिकून बाहेर पडलेल्यांची केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवणं. तीच सीआरआर. संस्थेला सरसकट मान्यता कधीच मिळत नाही. ती मिळते अमुक अभ्यासक्रमाला, अमुक दिव्यांगत्व प्रकारासाठी, अमुक पत्त्यावर, अमुक शैक्षणिक वर्षांपुरती आणि अमुक जागांसाठी. या पाचांपैकी एक गोष्ट जरी जुळली नाही तरी तुमचा प्रवेश मान्यतेच्या बाहेरचा ठरतो.

म्हणून भिंतीवरचं पत्र पाहून समाधान मानू नका, ते हातात घेऊन वाचा. कोर्सचं पूर्ण नाव आणि कंसातला दिव्यांगत्व प्रकार तुमचाच आहे का? ‘सत्र’ म्हणून लिहिलेल्या वर्षांत तुमचं प्रवेशवर्ष बसतं का? पत्ता तुम्ही बसला आहात त्याच इमारतीचा आहे का, की मूळ संस्था एका जिल्ह्यात आणि ‘शाखा’ दुसऱ्यात? जागा किती? तीस जागांच्या वर्गात पन्नास जण बसलेले दिसले तर जास्तीच्या वीस जणांची नावं परिषदेकडे जाणारच नाहीत, आणि त्या वीस जणांत आपण आहोत हे परीक्षेचा अर्ज भरेपर्यंत कुणालाच कळत नाही. हा प्रकार मान्यता असलेल्या संस्थांमध्येही होतो, म्हणून तो जास्त वाईट.

परिषदेच्या संकेतस्थळावर राज्यवार आणि अभ्यासक्रमवार मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. पत्र आणि यादी दोन्ही जुळवा. यादीचं पान त्या दिवशीच्या तारखेसह छापून ठेवा; उद्या नाव निघालं तर प्रवेशाच्या दिवशी ते होतं की नव्हतं, हे दाखवायला दुसरं काही नसतं. पदवीचा कोर्स असेल, जसं बी.एड. विशेष शिक्षण किंवा बीएएसएलपी (वाचा व श्रवणतज्ज्ञाची पदवी), तर परिषदेची मान्यता आणि विद्यापीठाची संलग्नता असे दोन कागद लागतात. एकाने भागत नाही.

पत्रकावरच्या बाकीच्या शब्दांना किंमत किती? ‘शासन नोंदणीकृत’ म्हणजे बहुधा संस्था नोंदणी अधिनियम १८६० किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखालची नोंद. क्रिकेट क्लबही असाच नोंदवता येतो. ‘आयएसओ ९००१’ हे कार्यपद्धतीचं प्रमाणपत्र आहे, पदविका देण्याचा अधिकार त्यातून येत नाही. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक स्वयंसेवी संस्थेची ओळख देतो, उद्यम नोंदणी छोट्या उद्योगाची. पत्रकावर हे सगळे लोगो ओळीने असतील आणि परिषदेच्या मान्यता पत्राचा क्रमांक मात्र नसेल, तर तिथेच उठून या.

कालावधीही खोटं उघडं पाडतो. विशेष शिक्षणातली डी.एड. पदविका दोन वर्षांची, पूर्णवेळ, आणि बारावीला किमान ५० टक्के लागतात (आरक्षित प्रवर्गांना सवलत वेगळी). बी.एड. विशेष शिक्षण २०१५ पासून दोन वर्षांचं आहे. बीएएसएलपी चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. कृत्रिम अवयव व ऑर्थोसिसची (शरीराला आधार देणाऱ्या साधनांची) पदवी साडेचार वर्षांची. एक वर्षाची डीएचएलएस ही श्रवण-वाचा क्षेत्रातली पदविका खरी आहे, पण ती सहाय्यकाची. ती घेऊन ‘ऑडिओलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. सहा महिन्यांचा सीबीआयडी हा समुदायपातळीवर काम करणाऱ्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही खराच, पण त्याने कुणी विशेष शिक्षक होत नाही. फसवणारे अनेकदा खऱ्या छोट्या कोर्सच्या नावावर मोठ्या कोर्सचं स्वप्न विकतात. मानसशास्त्रातही तेच: नुसत्या एम.ए. सायकॉलॉजीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी होत नाही. ‘आमच्या ऑनलाइन डिप्लोमानंतर आरसीआय लायसन्स’ असं कुणी म्हणालं तर कोणत्या अभ्यासक्रमाखाली, ते लेखी मागा. बोलणं बहुधा तिथेच थांबतं.

प्रत्यक्ष काम हा या शिक्षणाचा गाभा आहे. मुलाचं मूल्यमापन करणं, त्याच्यासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा बनवणं, ऑडिओमीटरवर श्रवणचाचणी करणं, कृत्रिम अवयवाच्या सॉकेटसाठी साचा घेणं, हे वहीवर शिकता येत नाही. म्हणून मान्यतेच्या निकषांत मुलं किंवा रुग्ण, साहित्य, पात्र प्राध्यापक यांची अट असते. संस्था पाहायला जाल तेव्हा वर्गखोली सोडा आणि तीन प्रश्न विचारा: सराव कोणत्या शाळेत किंवा विभागात होतो, तिथल्या हजेरीवर सही कोण करतं, आणि शिकवणाऱ्यांचे सीआरआर क्रमांक काय. तिसऱ्या प्रश्नावर ‘सर बाहेर गेलेत’ असं उत्तर आलं तर समजून घ्या. काही ठिकाणी तपासणीच्या दिवसापुरते प्राध्यापक आणि साहित्य भाड्याने आणलेलं असतं. ऑडिओमीटरवर कॅलिब्रेशनचं (अचूकता तपासल्याचं) स्टिकर आहे का आणि त्यावरची तारीख कधीची, हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं.

पदविका अभ्यासक्रमांच्या परीक्षा परिषदेच्या वतीने पुनर्वास परीक्षा मंडळ घेतं, संस्था स्वतः घेत नाही. त्यामुळे प्रवेशानंतर मिळणारा नावनोंदणी क्रमांक हा सगळ्यात महत्त्वाचा पुरावा. पहिलं सत्र संपत आलं तरी तो मिळाला नसेल आणि ‘येईल, वरून उशीर आहे’ एवढंच ऐकू येत असेल, तर पुढचा हप्ता भरू नका.

नोंदणीचा अर्ज उमेदवार स्वतः ऑनलाइन करतो. त्यात मध्यस्थाला काही काम नाही. मिळालेला क्रमांक परिषदेच्या संकेतस्थळावर शोधून पाहावा: नाव, पात्रता आणि मुदत तिन्ही जुळली पाहिजेत. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी सातत्यपूर्ण प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. तेव्हा ‘आजीवन नोंदणी’ असं कुणी सांगत असेल तर तेही खोटंच.

पालकांसाठी थोडं वेगळं. मुलाला बोलायला उशीर होतोय म्हणून दाखवायला गेलात आणि समोरच्याने तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर ‘स्पीच थेरपिस्ट’ ही पाटी लावलेली असेल, तर पैशांपेक्षा मुलाच्या वयाची ती वर्षं वाया जातात, ती परत मिळत नाहीत. अहवालावर सहीखाली सीआरआर क्रमांक आहे का, हे आधी बघा. क्रमांक नसलेला बुद्ध्यांक अहवाल दिव्यांग प्रमाणपत्रासाठी किंवा परीक्षेतल्या सवलतीसाठी नेला की पुन्हा चाचणी करायला सांगतात. आणखी एक खूण: फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी हे विषय परिषदेच्या कक्षेत येत नाहीत, महाराष्ट्रात त्यांची स्वतंत्र राज्य परिषद आहे. ‘आरसीआय मान्यताप्राप्त फिजिओथेरपी केंद्र’ अशी पाटी दिसली तर लिहिणाऱ्याला कायदा माहीत नाही किंवा तुम्हाला तो माहीत नसावा अशी त्याची अपेक्षा आहे.

परिषदेच्या १९९२ च्या कायद्याचं कलम १३ स्पष्ट आहे. नोंदवहीत नाव नसलेल्याला देशात कुठेही पुनर्वास व्यावसायिक म्हणून व्यवसाय करता येत नाही, सरकारी किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या संस्थेत तसं पद धरता येत नाही, कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही. शिक्षा: एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार! अशा केंद्राची एका दिवसाची कमाई याहून जास्त असते, त्यामुळे धाक बसणार तो कैदेचाच. त्यातही या कायद्याखालच्या गुन्ह्याची दखल न्यायालय घेतं ती परिषदेने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या लेखी तक्रारीवरच. म्हणून पोलीस ठाण्यात नुसतं १९९२ च्या कायद्याचं नाव घेतलं तर ‘दिल्लीला लिहा’ असं सांगून परत पाठवतात. तिथे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार द्या, बनावट प्रमाणपत्र असेल तर बनावट दस्तऐवजाचाही मुद्दा लिहा, आणि परिषदेला वेगळी लेखी तक्रार करा. महाराष्ट्रात त्याची प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला द्यावी.

तक्रारीला सगळ्यात जड वजन येतं ते माहिती अधिकारातल्या उत्तराने. परिषद केंद्रीय प्राधिकरण असल्याने केंद्राच्या माहिती अधिकार पोर्टलवरून अर्ज करता येतो. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘ही संस्था बोगस आहे का’ असं विचारू नका, मत मागितलं म्हणून अर्ज निकाली निघतो. असं लिहा: ‘अमुक संस्था, अमुक पत्ता, अमुक अभ्यासक्रम, अमुक सत्र यासाठी परिषदेने दिलेल्या मान्यता पत्राची प्रत आणि मंजूर प्रवेशक्षमता द्यावी, मान्यता दिलेली नसल्यास तसं कळवावं.’ ‘अभिलेखात मान्यता नाही’ असं एका ओळीचं उत्तर आलं, तरी तपास अधिकाऱ्यासमोर ते पुरतं.

ग्राहक आयोगात जाण्याचा सल्ला बरेच जण देतात. शिक्षण ही ‘सेवा’ ठरते का, यावर न्यायालयांत मतभेद आहेत आणि खऱ्या महाविद्यालयांविरुद्धच्या तक्रारी त्यावर अडतात. मान्यता नसताना मान्यतेचं खोटं सांगितलं हा मुद्दा त्याहून वेगळा आहे, तो वकिलाकडून तसाच मांडून घ्या. मुदत दोन वर्षं.

रोख पैसे दिलेले असतील तर पुरावा बाहेरून गोळा करावा लागतो: व्हॉट्सअ‍ॅपवरचे फीचे निरोप, वर्गाचे फोटो, पत्रकाची मूळ प्रत, सोबतच्या विद्यार्थ्यांची नावं. एकट्याने न जाता तुकडीने मिळून तक्रार दिली तर ‘देणगी’चा बचाव टिकत नाही, वीस जणांनी एकाच महिन्यात एकच रक्कम देणगी म्हणून दिली, हे कुणालाही पटवता येणार नाही. मूळ गुणपत्रिका अडवून ठेवल्या असतील तर स्पीड पोस्टने लेखी मागणी करा आणि त्याच दिवशी शिक्षण मंडळाकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज टाका, वाट बघत बसू नका.

मान्यता नसलेल्या ठिकाणी घालवलेलं वर्ष नंतर कुठे धरून मिळत नाही. नव्या, मान्य संस्थेत पहिल्या वर्षापासूनच प्रवेश घ्यावा लागतो. त्या अर्जासोबत जुनी गुणपत्रिका किंवा ते लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र चुकूनही जोडू नका. ते तक्रारीच्या फाइलमध्ये, मूळ स्वरूपात, लॅमिनेशन न काढता ठेवा.