परदेशवारीच्या तयारीचं सामान: काही महिने वापरून झाल्यावर

प्रवासासाठी घेतलेल्या वस्तूंना लोक पार्सल उघडलं त्याच दिवशी पाच तारे देऊन मोकळे होतात. रंग छान, चेन मऊ, पैसे वसूल. आमचं सामान मात्र आता सिंगापूर, मग स्वित्झर्लंड-इटली आणि नंतर बहिणीकडे दुबई असं हिंडून आलंय. बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-बाबा आणि कॉलेजात जाणारी लेक. म्हणून प्रत्येक वस्तूला मी दोनच प्रश्न लावले. माझा फोन बंद असताना ही कामाला आली का? आणि आईला एकटीला वापरता आली का? महागातल्या बऱ्याच गोष्टी यातल्या दुसऱ्या प्रश्नाला नापास झाल्या.

पहिला नंबर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या कप्प्यांच्या साध्या प्लॅस्टिक फाईलचा. प्रत्येकाला एक कप्पा: पासपोर्ट आणि व्हिसाच्या झेरॉक्स, दोन फोटो, विमा पॉलिसीचं पहिलं पान, डॉक्टरांची चिठ्ठी. शेवटच्या कप्प्यात हॉटेलांचे पत्ते आणि तिकिटं, तारखेप्रमाणे लावलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात विमा कंपनीचा परदेशातून लावायचा नंबर आणि त्या-त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा नंबर. लेक हसली होती. "आई, हे सगळं फोनमध्ये आहे."

ल्युसर्नच्या स्टेशनवर माझ्या फोनची स्क्रीन काळी झाली ती झालीच. फोन चालू होता, वाजतही होता, दिसत काही नव्हतं. गाडी सुटायला थोडा वेळ होता आणि स्विस ट्रॅव्हल पास, पुढच्या हॉटेलचं बुकिंग, मिलानच्या गाडीचं आरक्षण, सगळं त्या काळ्या काचेमागे. बाबांनी शांतपणे फाईल काढली. स्विस पास पीडीएफमध्ये येतो आणि त्याचा छापील कागदही चालतो. तिकीट तपासनिसाने कागदावरचा कोड स्कॅन केला, पासपोर्ट बघितला आणि तो पुढे गेला. आई पुढची दहा मिनिटं काही बोलली नाही, फक्त लेकीकडे बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

या झेरॉक्सचा आणखी एक संच दुसऱ्या बॅगेत आणि एक पुण्यात भावाकडे असतो. परदेशात पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार करायची आणि तिची प्रत घेऊन वकिलातीत जायचं. घरी परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट तिथून मिळतं. जुन्या पासपोर्टचा नंबर आणि प्रत हाताशी असली की काम सोपं होतं. आमच्यावर ती वेळ आली नाही, येऊही नये.

आता फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवायचं कार्ड. क्रेडिट कार्डावर परदेशात साधारण दोन ते साडेतीन टक्के जादा आणि वर त्या शुल्कावर जीएसटी लागतो, म्हणून हे घेतलं. त्या बाबतीत समाधानी आहे. पैसे भरतो त्या दिवशीचा दर पक्का होतो, आणि हिशेब डोक्यात राहतो. पण ज्या चलनात पैसे भरलेत त्याच चलनात खर्च केला तर. युरो भरलेलं कार्ड स्वित्झर्लंडमध्ये फ्रँकसाठी वापरलं की चलनबदलाचं वेगळं शुल्क बसतं, आणि मग क्रेडिट कार्डात आणि त्यात फारसा फरक उरत नाही. इटलीइतकेच दिवस स्वित्झर्लंडमध्ये असतील तर फ्रँकही भरून घ्या.

दुकानातलं यंत्र कधी कधी विचारतं, रक्कम रुपयांत हवी की तिथल्या चलनात? रुपये दिसले की आपल्याला हायसं वाटतं, आणि नेमका तिथेच चढा दर लागतो. नेहमी तिथलं चलन निवडायचं. बाबांना हे मी कागदावर लिहून दिलं होतं आणि त्यांनी एका वेटरला दोनदा बटण बदलायला लावलं. हॉटेलात अनामत म्हणून रक्कम अडकवतात, ती फॉरेक्स कार्डावर अडकवू देऊ नका. ती मोकळी व्हायला दिवस लागतात आणि तोवर आपलेच पैसे आपल्याला वापरता येत नाहीत. तेवढ्यापुरतं क्रेडिट कार्ड पुढे करा. ते परदेशासाठी चालू आहे ना, हे आधी ॲपमध्ये बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठी सुरू असतं, परदेशी व्यवहार आपणच चालू करायचे असतात.

रोख थोडी हवीच. युरोपातल्या स्टेशनवरचं स्वच्छतागृह आणि सुट्टी नाणी यांचं नातं आईला पहिल्याच दिवशी कळलं. परकीय चलन रोख रुपये देऊन घ्यायचं तर पन्नास हजारांपर्यंतच मिळतं, पुढची रक्कम बँकेमार्फत द्यावी लागते. कोपऱ्यावरचा कोणी "सगळं कॅशमध्ये करून देतो" म्हणाला तर त्याला नमस्कार करून पुढे व्हा.

ई-सिमबद्दल, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच भरायच्या सिमबद्दल, माझं मत मिश्र आहे. घरी बसून क्यूआर कोड स्कॅन केला, विमानातून उतरल्या उतरल्या नेट चालू. सिंगापूरला तर अगदी झकास. पण ल्युसर्नला फोन गेला तसं ई-सिमही गेलं. ते काढून दुसऱ्या फोनात घालता येत नाही, आणि बहुतेक ई-सिमचा कोड एकदाच चालतो. त्यात बहुतेक पॅक फक्त डेटाचे, म्हणजे बँकेचा ओटीपी भारतीय नंबरवरच येणार. तो यायचा तर त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असायला हवं. बाबांच्या जुन्या फोनला ई-सिम चालत नाही म्हणून कुरकुरत त्यांच्या सिमवर रोमिंग पॅक मारला होता. शेवटचे चार दिवस आम्ही सगळे त्या एका फोनवर जगलो. तेव्हा घरातल्या एकाचं ई-सिम आणि दुसऱ्याचं रोमिंग, हीच जोडी ठेवणार.

प्रवास विम्याला लोक व्हिसाचा एक कागद समजतात. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) किमान ३० हजार युरोंचं संरक्षण लागतं, म्हणून तेवढीच सगळ्यात स्वस्त पॉलिसी काढली जाते. आई-बाबांच्या वयाला मी दोन गोष्टी वाचून घेतल्या: आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय, आणि दाव्यातली किती रक्कम आपल्या खिशातून जाणार. बाबांचा रक्तदाब अर्जात लिहिला, हप्ता वाढला, पण झोप लागली. विमा प्रत्यक्षात वापरला तो मात्र बॅगेसाठी. युरोपात जाताना विमानाने आधी मिलानला उतरलो, बाकीच्या बॅगा आल्या, आईची नाही. पट्टा थांबेपर्यंत आम्ही उभे.

तिथे एक गोष्ट केलीच पाहिजे: विमानतळाबाहेर पडायच्या आधी विमान कंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. या कागदाला पीआयआर म्हणतात, तो नसेल तर पुढे कोणी दारात उभं करत नाही. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाच्या मॉन्ट्रियल करारानुसार उशिरा मिळालेल्या सामानाची लेखी तक्रार ते हातात आल्यापासून २१ दिवसांत करायची असते, मोडतोडीची ७ दिवसांत. आईसाठी घेतलेल्या कपड्यांची बिलं, बोर्डिंग पास, बॅगेच्या टॅगचा तुकडा, सगळं फाईलमध्ये. दावा मंजूर झाला, पण विमा कंपनीने तीच कागदपत्रं मला पुन्हा पुन्हा पाठवायला लावली. फोनमधला बोर्डिंग पास विमान सुटलं की कधी कधी नाहीसा होतो, म्हणून मी काउंटरवर छापील मागून घेते. मागे रांगेतले सुस्कारे सोडतात, सोडू देत.

गळ्यात अडकवायची पासपोर्टची पिशवी, मोठ्या कौतुकाने मागवलेली, कपाटात पडून आहे. ती शर्टाच्या आत घातली की पोट दिसतं आणि बाहेर घातली की पासपोर्ट. आईने आपल्या शिंप्याकडून परकराला आणि सलवारीला चोरखिसे शिवून घेतले, चेनचे. इटलीतल्या गर्दीच्या ट्राममध्ये आमच्यापैकी सगळ्यात निर्धास्त तीच होती.

युनिव्हर्सल ॲडॉप्टर सिंगापूर आणि दुबईत छान बसतो, कारण तिथे चौकोनी तीन पिनांचं सॉकेट असतं. स्वित्झर्लंडमध्ये सॉकेट भिंतीत आत दबलेलं, त्यात हा ठोकळा शिरतच नाही. आपल्या मोबाईल चार्जरच्या दोन बारीक पिना मात्र थेट बसतात. तेव्हा ठोकळ्यापेक्षा त्या देशाचा एक साधा ॲडॉप्टर आणि घरचा छोटा एक्स्टेंशन बोर्ड न्या. एका भोकात चौघांचे चार्जर. किटली मात्र त्यावर लावू नका. आणि ॲडॉप्टर फक्त पिना जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही.

पॉवर बँक हातातल्याच सामानात, चेक-इन बॅगेत चालत नाही. मर्यादा १०० वॅट-तास, आपला नेहमीचा २०,००० एमएएचवाला ७४ च्या आसपास येतो. त्यावरचे आकडे पुसट झाले असतील तर सुरक्षारक्षक ठेवून घेऊ शकतात, त्यामुळे घासलेला, स्वस्तातला घेऊ नका. विमानात तो वापरण्यावरही आता बंधनं आली आहेत. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँकवरून चार्जिंग बंद केलंय. घरून शंभर टक्के भरून निघा.

खाऊचा विषय आमच्याकडे व्हिसापेक्षा मोठा. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, बर्फी, तूप बाद. थालिपीठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी यावर आमचं छान निभावलं. दुबईला बहिणीसाठी आईने अनारसे बांधायला घेतले, तेव्हा मी हात धरला. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि ती गंमतीत घेण्यासारखी नाही. घरच्या बाकरवडीच्या सारणातही खसखस असते, हे लक्षात असू द्या. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर कुठेच नेऊ नका, तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात म्हणून विमानाच्या मनाई यादीत आहेत.

औषधांचं तसंच. बाबांच्या गुडघेदुखीच्या गोळीत ट्रॅमाडॉल होतं, आणि अमिरातीत ते नियंत्रित औषध, आधी तिथली सरकारी परवानगी लागते. आमच्या डॉक्टरांनी तेवढ्या दिवसांसाठी गोळीच बदलून दिली. बाकी औषधं मूळ पट्टीत, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, आणि निम्मी हातातल्या बॅगेत. आठवड्याचे वार लिहिलेली डबी घेतली होती, ती हॉटेलच्या खोलीत उत्तम. सीमेवर मात्र सुट्ट्या गोळ्यांची डबी दाखवून काय समजावणार?

सिंगापूरचं आगमनपत्र ऑनलाइन भरायचं, पोचण्याच्या दिवसासकट तीन दिवस आधीपासून भरता येतं, फुकट. शोधयंत्रावर सगळ्यात वर दिसणाऱ्या काही साइट त्याचेच पैसे उकळतात. थायलंडनेही मे २०२५ पासून असंच पत्र सुरू केलंय, तेही फुकट. सरकारी पत्ता नीट बघूनच भरा.

पासपोर्टची मुदत सगळ्यांत आधी बघा. सिंगापूरला सहा महिने शिल्लक लागते, शेंगेनला परतीच्या तारखेनंतर तीन. नूतनीकरणाला मुंढव्याच्या केंद्राची वेळ घ्यायची, आणि पोलीस पडताळणीचा फोन दुपारी झोपेच्या वेळीच येतो हे गृहीत धरायचं.

हाताने उचलून बॅग तोलायचा काटा: घ्या, डोळे झाकून. बॅगेत टाकायचा ट्रॅकर: आईची बॅग दुसऱ्याच शहरात आहे हे त्याने आम्हाला विमान कंपनीच्या आधी सांगितलं, पण फोन गेल्यावर तोही मुका. पुण्याच्या लोहगाव विमानतळाहून सिंगापूरचं थेट विमान मिळालं तर घ्याच. मुंबईहून जायचं तर घाटातल्या कोंडीसाठी वेळ धरूनच निघावं लागतं आणि आई-बाबा विमानात बसायच्या आधीच थकलेले असतात.

परत आल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांत बदलून घ्यायच्या, दोन हजार डॉलरपर्यंत ठेवल्या तरी चालतात. नाणी कोणी घेत नाही. आमच्या उरलेल्या फ्रँकच्या नाण्यांची विमानतळावर एक कॉफी आली, चौघांत.